गणिताची शिस्त आणि यंत्राची गती

एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तकांची नोंदवही एकच आहे, अशी कल्पना करा. चार वाचक एकाच वेळी ती उघडून आपापल्या पुस्तकांचे क्रमांक पाहत असतील, तर कोणाचेच काही बिघडत नाही. लेखनिक एकटाच खोलीत बसून तीत नव्या नोंदी करीत असेल, तरीही काही बिघडत नाही. घोटाळा होतो तो एक जण वाचीत असताना दुसरा त्याच पानावर खाडाखोड करू लागतो तेव्हा. वाचणाऱ्याने अर्धी जुनी आणि अर्धी नवी अशी नोंद टिपून घेतलेली असते, आणि तिच्यावर विसंबून केलेला पुढचा सारा हिशेब चुकतो.

संगणकाच्या स्मृतीत, अर्थात मेमरीत, हाच प्रकार घडू शकतो. फरक इतकाच की, तेथे एका सेकंदात कोट्यवधी नोंदी होतात आणि चूक डोळ्यांना दिसत नाही. ही चूक टाळण्याचा एक उपाय गणिताच्या परंपरेने फार पूर्वी सुचविला होता. परंतु यंत्राच्या अगदी जवळ राहून काम करणाऱ्यांना तो परवडत नव्हता. दीर्घकाळ एकमेकींपासून दूर राहिलेल्या या दोन परंपरा ‘रस्ट’ नावाच्या एका भाषेत एकत्र कशा आल्या, हे या पुस्तिकेत सांगावयाचे आहे.

दोन परंपरा

गणितात ‘फलन’ नावाची एक कल्पना आहे. प्रोग्रॅम लिहिणारे तिलाच फंक्शन म्हणतात. फलनाला एक संख्या द्यावी आणि त्याने दुसरी संख्या परत करावी, एवढेच त्याचे काम. ९ चे धन वर्गमूळ ३ आहे. ते सोमवारी विचारले काय किंवा शुक्रवारी विचारले काय, उत्तर बदलत नाही. आणि वर्गमूळ काढल्यामुळे मूळचे ९ नाहीसेही होत नाहीत. फलन कोणाची नोंद पुसत नाही, कोणाच्या पाठीमागे काही बदलीत नाही. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च यांनी १९३० नंतरच्या दशकात केवळ फलनांच्या आधारे सर्व गणनक्रिया मांडता येतात असे दाखविले. त्यांच्या या पद्धतीला ‘लॅम्डा कॅल्क्युलस’ असे नाव आहे. पुढे १९५८ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत जॉन मॅकार्थी यांनी ‘लिस्प’ ही भाषा रचण्यास प्रारंभ केला, तेव्हा या विचारातील काही भाग संगणकापर्यंत पोहोचला. फलनांची सांगड घालून प्रोग्रॅम रचण्याच्या या रीतीला ‘फंक्शनल प्रोग्रॅमिंग’ म्हणतात.

दुसरी परंपरा यंत्राची. संगणकाची स्मृती म्हणजे क्रमांक घातलेल्या खणांची एक प्रचंड रांग होय. खणातील संख्या उचलावी, तिच्यात भर घालावी आणि पुन्हा त्याच खणात ठेवावी, हीच यंत्राची स्वाभाविक कार्यपद्धती. ‘क्ष बरोबर क्ष अधिक १’ हे समीकरण गणितज्ञाला साफ चुकीचे वाटते. यंत्राला मात्र ती एक सरळ आज्ञा आहे, क्ष या खणातील संख्या एकाने वाढव. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडविलेली ‘सी’ ही भाषा याच परंपरेतील. १९७३ मध्ये ‘युनिक्स’ या कार्यप्रणालीचा गाभा सीमध्ये नव्याने लिहिला गेला, आणि तेव्हापासून यंत्र चालविणारे मूलभूत प्रोग्रॅम या भाषेत किंवा तिच्या कुळातील भाषांत लिहिण्याची प्रथा पडली. अशा भाषांना आपण ‘प्रणालीभाषा’ म्हणू. त्यांतील प्रोग्रॅम आधी एका भाषांतरकाराच्या हाती जातो. हा भाषांतरकार म्हणजे ‘कंपायलर’ नावाचा दुसरा एक प्रोग्रॅम. तो संपूर्ण मजकूर वाचून त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो, आणि मगच यंत्र कामाला लागते.

१९७७ साली जॉन बॅकस यांनी ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना केलेल्या भाषणात या खणाखणांच्या पद्धतीवर कठोर टीका केली आणि फलनांच्या पद्धतीचा पुरस्कार केला. विशेष हे की, १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘फोर्ट्रान’ ही खणाखणांच्या पद्धतीची आद्य भाषा बॅकस यांच्याच नेतृत्वाखाली तयार झाली होती.

अडचण कोठे होती?

फलनांची पद्धती इतकी निर्दोष, तर यंत्र चालविणाऱ्यांनी ती का स्वीकारली नाही? याचे कारण खर्च. जुनी नोंद कधीच बदलावयाची नाही असे ठरविले, की प्रत्येक बदलासाठी नवी नोंद करावी लागते. दहा लाख संख्यांच्या यादीतील एकच संख्या बदलावयाची असली, तरी निदान यादीच्या काही भागाची नवी प्रत लागते. जुन्या प्रतींचा ढीग साचतो, आणि तो उपसण्यासाठी एक झाडूवाला नेमावा लागतो. मॅकार्थी यांनी लिस्पसाठी असा झाडूवाला योजिला. त्याला ‘गार्बेज कलेक्टर’ म्हणतात. तो अधूनमधून काम थांबवून निरुपयोगी प्रती शोधतो आणि त्यांची जागा मोकळी करतो. पत्रे लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये असा क्षणभराचा खंड खपून जातो. परंतु इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या प्रोग्रॅमला ‘जरा थांबा, झाडलोट चालू आहे’ असे म्हणण्याची सोय नसते. त्यामुळे गती हवी तेथे सी, आणि शुद्धता हवी तेथे फलनांच्या भाषा, अशी वाटणी होऊन गेली.

या वाटणीची किंमत जगाने मोजली आहे. एप्रिल २०१४ मध्ये ‘ओपन-एसएसएल’ या प्रोग्रॅममधील एक दोष उघडकीस आला. महाजालावरील गुप्त संदेशवहनासाठी जगभर वापरला जाणारा हा प्रोग्रॅम सी भाषेत लिहिलेला आहे. दोष अगदी साधा होता. एक संगणक दुसऱ्याला काही अक्षरे पाठवून ‘मी इतकी अक्षरे पाठविली आहेत, ती मला परत पाठव’ असे म्हणे. आणि दुसरा संगणक सांगितलेली लांबी खरी आहे की नाही हे पडताळीत नसे. चार अक्षरे पाठवून हजारो अक्षरे मागितली, तर तो आपल्या स्मृतीतील शेजारच्या खणांतील मजकूरही देऊन टाकी. एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत मजकूर अशा रीतीने बाहेर पडू शकत असे, आणि त्यात परवलीचे शब्द व गुप्त किल्ल्याही असू शकत. या दोषाला ‘हार्टब्लीड’ असे नाव पडले. तो २०१२ पासून प्रोग्रॅममध्ये होता. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या सुरक्षातज्ज्ञांनी २०१९ मध्ये सांगितले की, कंपनी दरवर्षी दुरुस्त करीत असलेल्या सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष स्मृतीच्या अशाच गैरवापरातून उद्भवतात. हे दोष अननुभवी माणसांच्याच हातून होतात असे नव्हे. मनुष्य कितीही सावध असला तरी लाखो ओळींवर त्याची नजर सारखी राहत नाही, एवढाच याचा अर्थ.

मालकी आणि उसनवार

मोझिला या संस्थेत काम करणारे ग्रेडन होर यांनी २००६ मध्ये स्वतःच्या हौसेखातर एक नवी भाषा रचावयास घेतली. तिचे नाव रस्ट. २००९ पासून मोझिलाने या कामाला पाठबळ दिले, आणि १५ मे २०१५ रोजी तिची १.० ही पहिली स्थिर आवृत्ती प्रसिद्ध झाली. रस्टचा पहिला कंपायलर ‘ओकॅमल’ या फलनपरंपरेतील भाषेत लिहिलेला होता. नव्या भाषेची पावले कोणत्या दिशेने पडत होती हे यावरून ध्यानात येईल.

रस्टमागील विचार आपल्या नोंदवहीच्या उदाहरणातच दडलेला आहे. अनेकांनी मिळून वाचणे निर्धोक आहे. एकट्याने लिहिणेही निर्धोक आहे. धोका आहे तो दोन्ही एकत्र होण्यात. फलनांच्या भाषांनी यावर लिहिणेच बंद केले. रस्टने लिहिण्याची मुभा ठेवली आणि बंदी घातली ती फक्त दोन्ही एकत्र करण्यावर.

ही बंदी तीन नियमांनी अमलात येते. ग्रंथालयाचा परिचय असलेल्यास ते समजण्यास जड जाणार नाहीत. पहिला नियम मालकीचा: प्रत्येक वस्तूला कोणत्याही क्षणी एकच मालक असतो. मालकाने ती दुसऱ्याला देऊन टाकली की त्याचा तिच्यावरील हक्क संपतो. आणि अखेरच्या मालकाचे काम संपले की ती जागा तत्काळ मोकळी होते. त्यामुळे झाडूवाला लागत नाही. दुसरा नियम उसनवारीचा: मालकी न देता वस्तू उसनी देता येते; परंतु एका वेळी एक तर कितीही जणांना केवळ वाचण्यासाठी, नाहीतर एकालाच बदल करण्यासाठी. तिसरा नियम मुदतीचा: वस्तू अस्तित्वात आहे तोवरच उसनवारी टिकते, मालक वस्तूसह निघून गेल्यावर उसनी चिठ्ठी कोणाच्या हाती राहता कामा नये.

हे नियम पाळले जातात की नाही हे कंपायलर भाषांतराच्या वेळीच पाहतो. एखादी यादी एकीकडून वाचीत असतानाच तिच्यात नवी नोंद घालावयाचा प्रयत्न करा. सीच्या कुळातील भाषांत हे लिहिता येते. यादीची रांग भरली, की यंत्र संपूर्ण यादी दुसऱ्या मोठ्या जागेत हलविते, आणि वाचणाऱ्याच्या हाती जुन्या, रिकाम्या जागेचा पत्ता उरतो. रस्टचा कंपायलर अशा मजकुराचे भाषांतर करावयासच नकार देतो आणि विसंगती कोणत्या ओळीत आहे तेही दाखवितो. दोष यंत्रापर्यंत पोहोचतच नाही.

या नियमांमागील तत्त्वही गणितातूनच आलेले आहे. फ्रेंच तर्कशास्त्रज्ञ झाँ-इव्ह जिरार यांनी १९८७ मध्ये ‘रेषीय तर्कशास्त्र’ मांडले. नेहमीच्या तर्कशास्त्रात एक गृहीत कितीही वेळा वापरता येते. रेषीय तर्कशास्त्रात ते वापरले की खर्ची पडते, जसा एकदा दिलेला रुपया पुन्हा देता येत नाही. १९९० मध्ये फिलिप वॉडलर यांनी या कल्पनेचा प्रोग्रॅमिंगशी असलेला संबंध स्पष्ट केला. एखाद्या वस्तूचा मालक एकच आहे याची खात्री असेल, तर ती जागच्या जागी बदलली तरी कोणाला कळणार? एका फलनाला अस्ताव्यस्त यादी द्यावी आणि त्याने ती क्रमाने लावून परत करावी. यादीची मालकी त्या फलनाकडे गेलेली असल्यामुळे जुनी यादी पाहणारा दुसरा कोणी उरलेलाच नाही. फलन आत खुशाल खणांची अदलाबदल करो. बाहेरून पाहता एक यादी दिली आणि दुसरी मिळाली, इतकेच दिसते. गणिताचा आक्षेप बदलाला नव्हताच. तो दुसऱ्याच्या नकळत केलेल्या बदलाला होता.

फलनांची साखळी

आता एक प्रत्यक्ष उदाहरण पाहू. ग्रंथालयाच्या वहीत पाच पुस्तकांच्या नोंदी आहेत. ती अनुक्रमे ०, ४, ०, १० आणि १ दिवस उशिरा परत आली. दंड दिवसाला २ रुपये. एकूण दंड किती?

जुन्या रीतीने लिहिणारा म्हणेल: मोजणीसाठी एक खण घे व त्यात ० लिही, बेरजेसाठी दुसरा घे व त्यातही ० लिही, मोजणीच्या क्रमांकाची नोंद पाहा, उशीर असेल तर दंड काढून बेरजेत मिळव, मोजणी एकाने वाढव, ती पाचापेक्षा कमी असेतोवर हेच पुन्हा कर. यात ‘पाचापेक्षा कमी’ ऐवजी ‘पाच किंवा कमी’ असे लिहिले गेले, तर यंत्र अस्तित्वात नसलेली सहावी नोंद वाचावयास जाते. मोजणी शून्यापासून सुरू झाल्यामुळे अशी चूक फार सहज होते. हार्टब्लीडमध्येही वाचन आपल्या मर्यादेबाहेर गेले, एवढेच घडले होते.

फलनांच्या रीतीने लिहिणारा म्हणतो: नोंदींतून उशिराच्या तेवढ्या निवड; प्रत्येकीचे दंडात रूपांतर कर; सर्वांची बेरीज घे. निवडल्यावर ४, १० आणि १ उरतात, त्यांचे ८, २० आणि २ होतात, बेरीज ३०. या तीन पायऱ्यांना रस्टमध्ये ‘फिल्टर’, ‘मॅप’ आणि ‘सम’ म्हणतात. येथे मोजणीचा खणच नाही. तेव्हा तो चुकण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

दुसऱ्या पायरीतील दंडाचा दर बाहेरून आलेला आहे. आपल्या भोवतालची एखादी किंमत सोबत घेऊन फिरणाऱ्या अशा छोट्या बिननावी फलनाला ‘क्लोजर’ म्हणतात. ही चर्च यांच्या विचारातून आलेली वस्तू. परंतु रस्टमध्ये तिलाही मालकीचे नियम लागू आहेत. क्लोजर बाहेरची वस्तू केवळ वाचते, तिच्यात बदल करते, की तिची मालकीच घेते, हे कंपायलर तपासतो आणि त्याप्रमाणे परवानगी देतो किंवा नाकारतो.

मग गतीचे काय? तीन पायऱ्या म्हटल्यावर तीन याद्या तयार होत असतील अशी शंका येणे साहजिक आहे. तसे होत नाही. रस्टची साखळी आळशी आहे: शेवटच्या टोकाने मागणी करीपर्यंत ती काहीच करीत नाही. बेरीज करणारा एक दंड मागतो. रूपांतर करणारा एक नोंद मागतो. निवडणारा वहीतील पुढची उशिराची नोंद देतो. एकेक नोंद सर्व पायऱ्यांतून पार होते, आणि मधली यादी कधी बनतच नाही. शिवाय प्रत्येक ठिकाणी कोणते फलन वापरले आहे हे कंपायलरला आधीच ठाऊक असते. तो सर्व पायऱ्या एकमेकींत विरघळवितो, आणि यंत्राच्या हाती बहुधा जुन्या रीतीच्या आवर्तनासारखेच एक आवर्तन पडते. चांगल्या भाषांतरात मूळ वाक्याची ठेवण उरली नाही तरी अर्थ अभंग राहतो, तसेच हे.

रस्टच्या अधिकृत पाठ्यपुस्तकात याचे एक मोजमाप दिलेले आहे. आर्थर कॉनन डॉईल यांच्या शेरलॉक होम्सच्या साहसकथांच्या संपूर्ण पुस्तकात एक इंग्रजी शब्द शोधण्याचे काम दोन्ही रीतींनी करून पाहिले. जुन्या रीतीला सरासरी १,९६,२०,३०० नॅनोसेकंद लागले आणि साखळीच्या रीतीला १,९२,३४,९००. म्हणजे दोहोंनाही सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग. मोजमापातील स्वाभाविक चढउतार लक्षात घेता दोन्ही रीती बरोबरीच्या ठरतात.

आणखी एक लाभ ओघाने येतो. आजच्या संगणकात अनेक प्रक्रियाकेंद्रे असतात. साखळीतील फलने एकमेकांच्या वस्तूंना हात लावीत नसतील, तर काम या केंद्रांत निर्धास्तपणे वाटून देता येते. रस्टच्या ‘रेयॉन’ या साहाय्यक संग्रहात अनेकदा साखळीच्या आरंभीचा एक शब्द बदलणे तेवढ्यासाठी पुरते. आणि वाटणी निर्धोक नसेल तर कंपायलर हरकत घेतो.

नसण्याचीही नोंद

फलनपरंपरेची आणखी एक देणगी सांगितली पाहिजे. शोधलेले पुस्तक सापडलेच नाही, तर उत्तर काय द्यावे? टोनी होर या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये एका भाषेत ‘नल’, म्हणजे कशाकडेही न नेणारा पत्ता, ही सोय केली. पुढे अनेक भाषांनी तिचे अनुकरण केले. पत्ता रिता आहे हे तपासावयास प्रोग्रॅमर विसरला, की प्रोग्रॅम कोसळे. २००९ मध्ये होर यांनी स्वतःच या सोयीला आपली अब्जावधी डॉलरांची चूक म्हटले. हे होर आणि रस्टचे जनक होर या दोन भिन्न व्यक्ती होत.

रॉबिन मिल्नर यांनी एडिंबरो येथे १९७० नंतरच्या दशकात रचलेल्या ‘एमएल’ या भाषेच्या कुळात निराळा उपाय रूढ झाला, आणि रस्टने तोच घेतला. उत्तर एका लिफाफ्यात येते. लिफाफ्यावर ‘काही आहे’ किंवा ‘काही नाही’ असे लिहिलेले असते, आणि दोन्ही शक्यतांत काय करावयाचे हे सांगितल्यावाचून आतील वस्तू वापरताच येत नाही. एखादे काम फसण्याची शक्यता असेल, तर ‘यश’ आणि ‘अपयश’ असे दोन प्रकारचे लिफाफे असतात. ‘काही नाही’ हेही एक उत्तर असून त्याचा विचार केलाच पाहिजे, हे भाषाच बजावते.

मर्यादा

येथवरच्या विवेचनावरून रस्ट ही निव्वळ फलनांची भाषा आहे असा समज होऊ नये. प्रारंभीच्या आवृत्त्यांत ‘शुद्ध’ फलन निराळे दाखविण्यासाठी एक स्वतंत्र शब्द होता, १.० च्या आधीच तो काढून टाकण्यात आला. आज एखादे फलन मधेच पडद्यावर काही छापीत नाही ना, याची हमी कंपायलर देत नाही. फलनाने स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावण्याची रीत फलनांच्या भाषांत सर्वत्र चालते. रस्टमध्ये ती खोलवर नेली तर स्मृतीचा ठरावीक भाग संपून प्रोग्रॅम थांबू शकतो. यंत्राच्या काही भागांशी थेट व्यवहार करताना नियम शिथिल करावे लागतात, आणि असा मजकूर ‘असुरक्षित’ अशी स्पष्ट खूण करून वेगळा ठेवावा लागतो. कंपायलरला इतके तपासावे लागत असल्याने भाषांतरास वेळ लागतो, आणि मालकीचे नियम नवशिक्याच्या अंगवळणी पडावयास आठवडे जातात. शिवाय दंडाचा दरच चुकीचा लिहिला, तर कोणतीही भाषा तो सुधारून देणार नाही.

तरीही मिळालेले फळ लहान नाही. डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स गाभ्याच्या ६.१ या आवृत्तीत सीच्या जोडीला रस्टला प्रथमच स्थान मिळाले. गूगलने २०२४ मध्ये दिलेल्या माहितीनुसार अँड्रॉइड या प्रणालीतील सुरक्षादोषांत स्मृतिदोषांचे प्रमाण २०१९ मध्ये ७६ टक्के होते. नवा मजकूर रस्टसारख्या स्मृतिसुरक्षित भाषांत लिहिण्याचे धोरण ठेवल्यावर ते २४ टक्क्यांपर्यंत उतरले. जुना मजकूर फारसा पुन्हा न लिहिता हे साधले, ही गोष्ट मननीय आहे.

आपल्यापैकी बहुतेकांना रस्टमधील एक ओळही कधी लिहावी लागणार नाही. परंतु आपल्या खिशातील दूरध्वनी ज्या नोंदवहीवर चालतो, तीत कोणी वाचीत असताना दुसरा खाडाखोड करीत नाही, याची खात्री मात्र आपणा सर्वांनाच हवी आहे. माणसाने अधिक सावध राहावे, एवढाच उपाय अनेक वर्षे सांगितला जात होता. ती सावधगिरी भाषेच्या व्याकरणातच बसविता येते, आणि तिच्यासाठी गतीचा बळी द्यावा लागत नाही, हे आता सिद्ध झाले आहे.